सोळा वर्षांची रमा

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी ही रमा म्हाताऱ्या आईवडिलांचं करणारी एक पोर होती. तेही धड घर नसताना.

जन्म १८५८ चा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे तेव्हाच साठीच्या घरात. त्यांच्याने होईना, म्हणून तिला संस्कृत शिकवलं ते आई लक्ष्मीबाईंनी. तीर्थक्षेत्री जायचं, पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं, असा संसार. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि दक्षिणाच आटली. वडील थकलेले, डोळे गेल्यातच जमा. रानातली पाने खाऊन दिवस काढले. वडील तर जलसमाधी घ्यायला निघाले होते, मुलाने थांबवलं. पण थोड्याच दिवसांत ते गेले.

मग आई अंथरुणाला खिळली. भुकेने व्याकूळ. रमा शेजारच्या बाईकडे भाकरी मागायला गेली, पण तोंडातून शब्दच फुटेना. त्या माउलीने ओळखून तुकडा दिला. तो आईच्या घशाखाली उतरला नाही. आई गेली तेव्हा खांदेकरी पुरेनात. रमा उंचीने लहान, तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला.

रमाबाईंनी हे लिहिलं १९०७ साली, तेहेतीस वर्षांनी. भाकरी बाजरीची होती, हेसुद्धा त्या विसरल्या नव्हत्या!

आमच्या नालासोपाऱ्यात वन रूम किचनमध्ये सासूसासऱ्यांचं हगणंमुतणं काढणाऱ्या बायका मला भेटतात. म्हातारं माणूस जाऊन वर्षं झाली, तरी आपण एकदा वैतागून बोललो तो शब्द त्यांना झोपू देत नाही. आजाऱ्याला बघायला सगळे येतात. करणारीला, तू जेवलीस का गं, असं कोण विचारतं?

रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. उपाशी पोरीचा चेहरा त्यांना कुणी समजावून द्यायला नको होता.

म्हातारपणी त्यांना ऐकू कमी येई. संस्थेचं सगळं लेक मनोरमा बघायची. आईचा उजवा हातच ती. १९२१ च्या जुलैत चाळिशीतली मनोरमा आधी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई.