जनरल रियाद आणि एक खोटा संदेश

५ जून १९६७ च्या सकाळी इस्रायली विमानांनी इजिप्तचे बहुतेक हवाई दल जमिनीवरच नष्ट केले. त्या वेळी जॉर्डनच्या आघाडीवर इजिप्तचे जनरल अब्देल मोनेम रियाद सेनापती होते. कैरोहून मात्र संदेश आला, की इस्रायलचीच बहुतेक विमाने पडली. त्या भरवशावर जॉर्डन युद्धात उतरला आणि हरला.

रियाद यांचा जन्म १९१९ चा. १९३८ मध्ये ते अधिकारी झाले. विमानविरोधी तोफांचे ते जाणकार होते. पराभवानंतर चीफ ऑफ स्टाफ होऊन त्यांनी खचलेले सैन्य पुन्हा उभे करायला घेतले. ९ मार्च १९६९ रोजी ते सुएझ कालव्याकाठच्या अगदी पुढच्या ठाण्यावर स्वतः पाहणीला गेले आणि तोफांच्या माऱ्यात शहीद झाले. १९७३ मध्ये इजिप्तच्या क्षेपणास्त्रांनी कालव्यावर इस्रायली विमानांना रोखले. ते पाहायला रियाद नव्हते. इजिप्तमध्ये ९ मार्च हा शहीद दिन असतो.

मी सेक्शन कमांडर आहे. एका रात्री न मोजताच मी सर्व हजर असल्याचा रिपोर्ट दिला. आमचा एक कॅडेट तापाने फणफणत डॉर्मिटरीतच पडला होता. आता मी प्रत्येकासमोर जाऊन मोजतो.