रघुनाथराव कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचा जन्म १८८२ चा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. हे कार्य की नोकरी, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. पत्नी मालतीबाई खंबीरपणे पाठीशी राहिल्या. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरी दंड झालाच.

त्यांच्या काळी तातडीची गर्भनिरोधक गोळी नव्हती. आज ती औषधाच्या दुकानात मिळते. पण ती घेतल्यावर पाळीचा दिवस चुकला की मुलगी धास्तावते आणि विचारायचे कोणाला, हे तिला कळत नाही. ही गोळी मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणे लांबविते. म्हणून पुढची पाळी काही दिवस आधी वा उशिरा येऊ शकते. मध्येच थोडा रक्तस्रावही होऊ शकतो. आठवड्याहून अधिक उशीर झाल्यास मात्र लघवीची तपासणी करून दिवस राहिले आहेत का, हे पाहावे. इतके साधे उत्तर उघडपणे देण्याची किंमत रघुनाथरावांनी जन्मभर मोजली. ते उत्तर देताना आपण अजूनही आवाज खाली का आणतो?