मौलाना आझाद: सुटलेली सिगारेट परत का आली?

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसचे बडे नेते पकडले गेले आणि त्यांना अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आलं. त्यांत पक्षाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझादही होते. जन्म १८८८ चा, मक्केतला, वाढले कोलकात्यात. १९१२ मध्ये त्यांनी अल-हिलाल हे उर्दू साप्ताहिक काढलं. किल्ल्यात ते भल्या पहाटे उठत, स्वतः चिनी चहा करत आणि घोटागणिक सिगारेटचा झुरका घेत. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कोलकात्यात वारल्या, तेव्हाही ते इथेच कैदेत होते.

किल्ल्यात लिहिलेली त्यांची पत्रं १९४६ मध्ये गुबार-ए-खातिर या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत सिगारेटची एक जुनी हकिगत आहे. डिसेंबर १९२१ मध्ये अटक झाल्यावर अलीपूरच्या तुरुंगात शिरताना त्यांनी उरलेल्या सिगारेटी डबीसकट जेलरला देऊन टाकल्या. पुढे वर्षभराहून जास्त काळ सिगारेट बंद होती. सुटकेच्या दिवशी अधीक्षकाने डबी पुढे केली आणि त्यांनी सिगारेट लगेच घेतली.

असं का होतं? रोज निकोटीन मिळालं की मेंदूतले ते पकडणारे रिसेप्टर सुस्तावतात आणि त्यांची संख्या वाढते. मग तेवढ्याच परिणामासाठी जास्त निकोटीन लागतं. हीच सहनशीलता. सिगारेट सोडल्यावर ही संख्या साधारण ६ ते १२ आठवड्यांत पूर्वपदावर येते. म्हणजे सुटकेच्या दिवशी आझादांची सहनशीलता कधीच ओसरलेली असणार. मात्र चहा, गप्पा, पुढे आलेली डबी यांच्याशी जुळलेली सवय मेंदूत टिकून राहते.

औषधांपुढचा पेचही हाच आहे. मेकॅमिलअमीन हे रक्तदाबाचं जुनं औषध रिसेप्टर नुसते बंद करतं. त्याने तलफ भागत नाही. प्रयोगांत काही जण सुरुवातीला उलट जास्त सिगारेटी ओढताना दिसले. २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं व्हॅरेनिक्लिन रिसेप्टरला चिकटून थोडंसं उत्तेजन देतं, त्यामुळे तलफ कमी होते. जागा अडलेली असल्याने सिगारेट ओढली तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. डॉक्टर ते साधारण १२ आठवडे देतात आणि गरज पडल्यास मुदत वाढवतात.

स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झालेले आझाद २२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत वारले. त्यांच्या हयातीत असं औषध नव्हतं. आज ते आहे. तरी कुणी सिगारेट पुढे केली तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.