चेंडूला विटाळ नव्हता

युरोपातील फुटबॉलच्या मैदानांवर प्रेक्षकांच्या वंशद्वेषाचे जे प्रकार पुनःपुन्हा उघडकीस येतात, त्यांच्या बातम्या आपल्याकडे काहीशा नैतिक समाधानाने वाचल्या जातात. ११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडचा संघ इटलीकडून हरला आणि पेनल्टी वाया घालविणाऱ्या रॅशफोर्ड, सँचो व साका या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर त्यांच्याच देशबांधवांनी गरळ ओकली. मे २०२३ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या मैदानावर ब्राझीलच्या व्हिनिसियसला प्रेक्षकांनी माकड म्हणून हिणवले. हा गोऱ्या कातडीचा रोग आहे, अशी आपली समजूत असते. परंतु वेम्ब्लीच्या प्रकारास महिना उलटण्यापूर्वीच टोकिओ ऑलिंपिकमध्ये आपला महिला हॉकी संघ उपान्त्य सामन्यात पराभूत झाला आणि वंदना कटारिया या खेळाडूच्या हरिद्वारनजीकच्या घरासमोर काही जणांनी फटाके उडवून, जातीचा उद्धार करीत तिच्या कुटुंबाला शिवीगाळ केल्याची तक्रार पोलिसांत नोंदवावी लागली. याच मुलीने चारच दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एका सामन्यात तीन गोल करून संघाची लाज राखली होती.

शिवीगाळ हे पूर्वग्रहाचे उघडे रूप झाले. त्याचे दुसरे रूप टाळ्यांच्या कडकडाटात दडलेले असते, आणि ते ओळखणे अधिक अवघड असते. खेळाडूच्या हाताचे वा पायाचे कौतुक करावयाचे, पण त्याला डोके आहे हे मात्र मान्य करावयाचे नाही, असे हे रूप आहे. ते समजून घ्यावयाचे तर युरोपात जाण्याचे कारण नाही. बाळू पालवणकर यांचे चरित्र पुरेसे आहे.

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातील पालवण, जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत. बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे झाला. बालपण गेले ते पुण्यात. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे भाऊही पुढे नामवंत क्रिकेटपटू झाले. पुण्यातील पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे व रोलर फिरविणे हे बाळूंचे पहिले काम, पगार महिना तीन रुपये. तेथून ते १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तेथे जाळी बांधणाऱ्या या मुलाच्या हाती साहेबांनी सरावासाठी चेंडू दिला, आणि त्या डावऱ्या हातात काय सामर्थ्य आहे हे ध्यानी यावयास वेळ लागला नाही. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज. बाळूंनी आपल्याला बाद केले की तो प्रत्येक वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. बाळूंनी त्याला शेकडो तास गोलंदाजी केली. मात्र त्या जाळ्यांत बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. गोलंदाजी हे घाम गाळण्याचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी हा साहेबाचा विलास, असा तेथला अलिखित कायदा होता. आमच्या वर्णव्यवस्थेला तो परका वाटण्याचे काही कारण नव्हते.

पुण्यातील हिंदूंना साहेबांच्या संघाला हरवावयाचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. त्यांना घ्यावे की न घ्यावे, यावर बराच खल झाला. तेलुगू सभासदांनी त्यांची बाजू घेतली, काही ब्राह्मण सभासदांनी विरोध केला. अखेर बाळू संघात आले. पण कसे आले? मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी हाती घ्यावयाचा, त्याला विटाळ नाही. चहाची वेळ झाली की सहकारी क्लबाच्या इमारतीत कपबशीने चहा घेणार, आणि ज्यांनी गडी बाद केले त्या बाळूंना मात्र बाहेर, मातीच्या फेकून द्यावयाच्या भांड्यात चहा मिळणार. तोंड धुण्यास पाणी हवे असल्यास ते दुसऱ्या अस्पृश्य नोकराने आणून द्यावयाचे. जेवणाचे ताट निराळे, मेजही निराळे. हे सारे क्रूर माणसांनी केले असे नव्हे. सुशिक्षित, इंग्रजी वाचणाऱ्या आणि राष्ट्राभिमानाची भाषा बोलणाऱ्या सभ्य गृहस्थांनी ते केले. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण रोजचा पूर्वग्रह असाच असतो. त्याला कोणी दुष्टावा म्हणत नाही, रीत म्हणतात.

पुण्यात प्लेगची साथ आली त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथे हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास काही सभासदांनी हरकत घेतली, परंतु कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरून त्यांना घेतले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी बाँबे जिमखान्याच्या युरोपियन संघावर १०९ धावांनी विजय मिळविला. हिंदूंच्या २४२ व १६० धावा, युरोपियनांच्या १९१ व १०२. दोन डावांत मिळून बाळूंनी आठ गडी बाद केले होते. यापुढे मुंबईच्या जिमखान्यात पालवणकर बंधूंना इतरांसमवेत चहा व भोजन मिळू लागले आणि सुधारक मंडळींनी त्याचे स्वागत केले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. संघाची कामगिरी यथातथाच झाली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. ते परतले तेव्हा मुंबईत दलित वर्गाच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. त्या समारंभाशी विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकरांचे नाव निगडित आहे.

येथपर्यंतची हकीकत सुखान्त म्हणून सांगण्याचा मोह होतो, आणि सांगितली जातेही. परंतु खरी कसोटी पुढेच होती. सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू असताना कप्तानपद त्यांना मिळाले नाही. १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांच्याकडे गेले. पै सज्जन होते. हा मान वास्तविक बाळूंचा होता, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. निवड समितीला मात्र अशी लाज वाटली नाही. एकत्र चहा घेण्यास आता हरकत राहिली नव्हती. चांभाराच्या आज्ञेवरून ब्राह्मणाने सीमेजवळ क्षेत्ररक्षणास जावे, हे मात्र पचणारे नव्हते.

गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावात धान कापून झाल्यावर मोकळ्या बांध्यांत पोरे चेंडूमागे धावतात, तेथे ही गोष्ट पडताळून पाहता येईल. वेगवान गोलंदाज कोणत्या टोलीतला आहे हे सामना जिंकेपर्यंत कोणी विचारीत नाही. कप्तान कोण आणि बक्षीस घ्यावयास मंचावर कोण जाणार, हे ठरताना मात्र टोली आठवते. युरोपच्या फुटबॉलमध्येही कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगाची व ताकदीची स्तुती मुबलक होते. प्रशिक्षकाच्या खुर्चीत ते क्वचितच दिसतात.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत प्रकरण उघड्यावर आले. पै आजारी पडले. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कप्तानपद विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधरांना देण्यात आले. देवधरांच्या गुणवत्तेबद्दल वाद नव्हता, पण ज्येष्ठता विठ्ठल यांची होती. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. घरात बसून कुढणे निराळे आणि आपला अपमान जातीमुळे झाला असे वर्तमानपत्रांतून सांगून खेळावर पाणी सोडणे निराळे. लोकमत त्यांच्या बाजूस वळले. अंतिम सामन्यासाठी पै परतले, भाऊ परतले आणि बाळूंना उपकप्तान नेमण्यात आले. मग पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, ते बाळूंच्या हाती संघाची सूत्रे यावीत म्हणून. बाळूंचे वय तेव्हा चव्वेचाळीस होते. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले, युरोपियनांना त्यांनी हरविले आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

बाळूंच्या राजकारणाविषयी मतभेद राहणारच. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत आंबेडकरांचा काँग्रेसकडून झालेला पराभव, गोंदिया ज्या जिल्ह्यात तेव्हा होते तेथल्या जुन्या पिढीला ठाऊक होता; १९३७ ची ही लढत त्यामानाने विस्मृतीत गेली. सवर्णांनी आपल्याच एका गुणी माणसाला दुसऱ्या गुणी माणसापुढे उभे करावे, हेही जिमखान्याच्या राजकारणाहून फार निराळे नव्हते. तथापि बाळूंनी ते अजाणतेपणी केले असे मानणे त्यांना कमी लेखणे होईल. त्यांचे मत त्यांचे स्वतःचे होते.

जुलै १९५५ मध्ये मुंबईत ते वारले. रीतसर कप्तान म्हणून हिंदू संघाच्या यादीत त्यांचे नाव कधीच लागले नाही.