लिबर्टी हाइड बेली

लिबर्टी हाइड बेली (१५ मार्च १८५८ – २५ डिसेंबर १९५४) हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ, उद्यानविद्यातज्ज्ञ आणि लेखक होते. माणसाने निवडीने घडविलेल्या वनस्पतींसाठी ‘कल्टिव्हार’ ही संज्ञा त्यांनी १९२३ मध्ये योजली.

जीवन

मिशिगन राज्यातील साउथ हेवन येथे एका फळबागाइतदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. मिशिगन कृषी महाविद्यालयातून १८८२ मध्ये पदवी घेतल्यावर हार्वर्ड येथे ते आसा ग्रे यांचे सहायक झाले. तेथून ते उद्यानविद्येकडे वळले. ही गोष्ट अनेक सहकाऱ्यांना अधोगती वाटली, कारण बागेतील झाड शास्त्रीय अभ्यासाचा विषय मानले जात नसे. १८८८ पासून ते कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक व पुढे कृषी महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. १९१३ मध्ये ते निवृत्त झाले. १९३५ मध्ये त्यांनी आपला वनस्पतिसंग्रह विद्यापीठास दिला. नव्वदी गाठल्यावरही ते वेस्ट इंडीजमध्ये ताडवर्गीय वनस्पती गोळा करीत होते.

संज्ञानिर्मिती

‘व्हरायटी’ हा शब्द तेव्हा रानात आपोआप उद्भवलेल्या प्रकारासाठी आणि बागाइतदाराने जोपासलेल्या प्रकारासाठी सरसकट वापरला जाई. बेली यांनी १९१८ मध्ये ‘कल्टिजेन’ आणि नंतर ‘कल्टिव्हार’ हे शब्द सुचविले. त्यांच्या मते कल्टिव्हार हा नैसर्गिक प्रकाराशी समकक्ष असून भेद केवळ उगमाचा होता. आजची व्याख्या याहून काटेकोर आहे. १९५३ मध्ये लागवडीतील वनस्पतींच्या नामकरणाची पहिली आंतरराष्ट्रीय संहिता प्रसिद्ध झाली, तीत हा शब्द स्वीकारला गेला.

मराठीतील प्रतिशब्द

मराठीत कल्टिव्हारला ‘वाण’ हा शेतकऱ्यांचा जुनाच शब्द चपखल बसतो. शासकीय भाषेतही तो वापरला जातो. घोळ आहे तो त्याच्या वरच्या पायऱ्यांवर. मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गट. वृत्तपत्रांत मात्र प्रजाती म्हणजेच जाती, आणि बोलण्यात तर वाणालाही जातच म्हणतात. वडीगोद्री ज्यात येते त्या अंबड तालुक्यासह जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत. शास्त्रानुसार मोसंबी, माल्टा व सातगुडी हे सिट्रस सायनेन्सिस या एकाच जातीचे वाण होत. रोपवाटिकेत मात्र न्यूसेलर ही मोसंबीची ‘जात’ म्हणून मागितली जाते. मोसंबीची बाग फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात, त्यामुळे चुकीच्या नावाने घेतलेले कलम तोवर ओळखूही येत नाही.