जलपर्णीचे बीज आणि प्राध्यापक आघारकर

नंदेसरीहून बडोद्यास गेलो म्हणजे विश्वामित्रीच्या पुलावरून खाली डोकावण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. मगर दिसेल या आशेने पाहावे, तो कित्येकदा पाणीच दृष्टीस पडत नाही! दिसते ती जलपर्णी. फुगीर देठांची तुकतुकीत पाने आणि त्यांवर डुलणारे जांभळे तुरे. या देखण्या शत्रूच्या वंशविस्ताराचा अभ्यास ज्या मराठी शास्त्रज्ञाने केला, त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहोत. समाजसुधारक आगरकर ते निराळे. पुण्यातील आघारकरांची संस्था नेमकी आगरकर रस्त्यावर असल्यामुळे हा घोटाळा भल्याभल्यांचाही होतो.

आघारकरांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी सह्याद्रीत पुष्कळ भ्रमंती केली. सातारा जिल्ह्यात त्यांना गोड्या पाण्यात राहणारा, छत्रीच्या आकाराचा एक चिमुकला पारदर्शक जीव आढळला. १९११ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. कारण त्याचे भाईबंद तोवर केवळ आफ्रिकेतच ठाऊक होते. आपल्या नद्यांच्या उदरात काय काय दडले आहे, याची जाणीव त्यांना अशी तरुणपणीच झाली होती.

१९१४ साली कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढील अध्ययनासाठी ते जर्मनीस गेले आणि महायुद्ध पेटले! ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तेथे स्थानबद्धता सोसावी लागली. तरीही बर्लिनची डॉक्टरेट मिळवूनच ते परतले. मौज अशी, की याच युद्धकाळात बंगाली लोक जलपर्णीला जर्मन पाना म्हणू लागले होते. वस्तुतः ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतील. फुलांच्या मोहाने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आणली गेली. तिला खाऊन आटोक्यात ठेवणारे किडे मात्र मायदेशीच राहिले.

मग काय विचारता! अनुकूल हवामानात एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. तिच्या दाट आच्छादनाखाली सूर्यप्रकाश पोचत नाही. पाण्यातील मूळच्या वनस्पती मरतात, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. बंगालमध्ये नावा अडल्या, पुराबरोबर ती भातशेतीत शिरली. १९२१ साली जगदीशचंद्र बसूंच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. १९३६ साली तर तिच्याविरुद्ध कायदाच झाला.

या धामधुमीत आघारकरांनी वरकरणी साधा वाटणारा प्रश्न हाती घेतला. येथे या वनस्पतीला बीज धरते काय, आणि कसे? प्रश्न लहान, पण सारी मोहीम त्यावर अवलंबून होती. ती केवळ धुमाऱ्यांनीच वाढत असती, तर एकदा मुळासकट उपटून तळे मोकळे झाले असते. बीज धरत असेल, तर उपटणाऱ्यांचे श्रम वर्षानुवर्षे संपायचे नाहीत. सहकारी बॅनर्जी यांच्यासह त्यांनी तिच्या परागीभवनाचा आणि बीजनिर्मितीचा अभ्यास केला व १९३० साली तो प्रसिद्ध केला. फूल एक-दोन दिवसांत कोमेजते, मग दांडा वाकून पाण्यात शिरतो व फळ तेथेच पिकते. काठावरून पाहणाऱ्याला बीज दिसावे तरी कसे? ते तळाच्या गाळात पडते आणि पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. आमच्या मते आघारकरांचे मोठेपण येथेच आहे. ज्या फुलाचे इतरांनी कौतुक केले किंवा ज्याला शिव्याशाप दिले, ते त्यांनी स्वस्थपणे न्याहाळले.

१९४६ साली निवृत्त होऊन ते पुण्यास आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेच्या उभारणीत त्यांनी स्वतःला झोकून दिले. १९६० साली त्यांचे निधन झाले. १९९२ पासून संस्थेची संशोधनशाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेथून मुठा नदी फारशी दूर नाही. मुळा-मुठेच्या पात्रातील जलपर्णी आजही यंत्रांनी उपसून काठावर टाकावी लागते. आणि उन्हाळा आला, की गाळातले बीज पुन्हा डोके वर काढते.