गिरणीतल्या साच्याच्या प्लॅस्टिकपासून माणसाचा खुबा घडवणारा डॉक्टर: जॉन चार्नली

सिंधुदुर्गात पावसाळा लागला की चिऱ्यांवर शेवाळ धरतं आणि घराघरात म्हाताऱ्या माणसांना बजावलं जातं, न्हाणीकडं जाताना जपून जा. तरी कुणीतरी घसरतंच. मग शेजारपाजारचे धावत येतात आणि सगळ्यांना एकच काळजी असते, खुबा तर मोडला नाही ना?

ही काळजी उगाच नाही. दोन पिढ्यांमागं खुबा मोडला म्हणजे माणसानं खाट धरली असं समजायचं. पाठीला जखमा व्हायच्या, छातीत कफ साठायचा आणि धडधाकट माणूस काही महिन्यांत जायचं. आज चित्र वेगळं आहे. पेशंटला ओरोसला, बांबोळीला, कोल्हापूरला नाहीतर मुंबईला नेतात. मोड कुठं आणि कशी आहे ते बघून डॉक्टर रॉड-स्क्रू घालतात किंवा सांधा अर्धा नाहीतर पूर्ण बदलतात. बऱ्याच वेळा दोन-तीन दिवसांत माणूस वॉकर धरून उभं राहतं.

सांधा बदलण्याच्या या ऑपरेशनला आजचं रूप दिलं ते जॉन चार्नली या इंग्रज सर्जननं. आणि त्यांच्या गोष्टीत एक वळण असं आहे, की ज्यांचे आजोबा गिरणगावात साचेखात्यात होते त्या कोकणी घरांना ते लगेच कळेल.

औषधवाल्याचा पोरगा

चार्नलींचा जन्म २९ ऑगस्ट १९११ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या बरी गावचा. वडील औषधविक्रेते, आई नर्स. हा सगळा भाग कापड गिरण्यांचा. मुंबईच्या कित्येक गिरण्यांतली यंत्रंही याच भागात बनलेली.

मँचेस्टरला डॉक्टरकी शिकून १९३५ मध्ये पोरगा डॉक्टर झाला. पुढच्याच वर्षी, पंचविशीत, सर्जनची सर्वांत मानाची एफआरसीएस पदवी मिळवली. मग दुसरं महायुद्ध आलं. चार्नली लष्करात गेले, डंकर्कच्या माघारीत होते आणि पुढं त्यांची रवानगी इजिप्तला झाली. तिथं कैरोमध्ये जखमी सैनिकांसाठी लागणारी उपकरणं बनवणारी कार्यशाळा त्यांच्याकडं होती. लेथ, ड्रिल, पाने, स्क्रू यांत ते इतके रमले की ती सवय जन्मभर सुटली नाही.

युद्ध संपल्यावर हाड कसं जुळतं हे समजून घ्यायचं वेड लागलं. हे वेड किती? तर स्वतःच्या नडगीचा तुकडा काढून पुन्हा तिथंच बसवायला त्यांनी एका सहकाऱ्याला राजी केलं. हाडात पू झाला, पुन्हा ऑपरेशन करून घ्यावं लागलं. पण माणूस बधला नाही. स्वतःच्या अंगावर प्रयोग करायची ही खोड पुढं एकदा फार कामी येणार होती.

करकरणारा खुबा

खुबा म्हणजे काय ते आधी बघू. नारळाची करवंटी डोळ्यांपुढं आणा आणि तिच्यात नेमका बसणारा एक गोळा. कमरेच्या हाडातली वाटी म्हणजे करवंटी आणि मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे गोळा. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. हे अस्तर झिजलं की हाडावर हाड घासतं आणि एकेक पाऊल टाकणं जीवावर येतं.

खराब खुबा बदलायचे प्रयत्न आधीही झाले होते. जर्मनीत थेमिस्टोक्लेस ग्लूक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हस्तिदंत वापरून पाहिला. लंडनच्या फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये स्टीलचा सांधा बसवला. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी १९४६ मध्ये ॲक्रिलिकचा गोळा काढला आणि तो बराच चालला. पण यातलं काहीच फार वर्षं टिकत नव्हतं.

असाच ज्युडे पद्धतीचा गोळा बसवलेला एक पेशंट चार्नलींकडं आला. त्याची तक्रार वेगळीच होती. जेवताना पुढं वाकलं की खुबा करकरायचा आणि त्या आवाजाला कंटाळून बायको त्याच्याबरोबर एका खोलीत थांबायला तयार नव्हती. ऐकणारा हसून सोडून देईल. चार्नली मात्र विचारात पडले. आवाज येतो म्हणजे घर्षण जास्त आहे, आणि घर्षण जास्त म्हणजे प्रत्येक पावलाला बसवलेला गोळा हाडातून सैल होणार.

त्यांनी सांध्यांचं घर्षण मोजायला घेतलं. निसर्गानं दिलेला सांधा बर्फावर घसरणाऱ्या स्केटपेक्षाही कमी घासतो असं दिसलं. तसं वंगण माणसाला बनवता येणार नव्हतं. मग उपाय एकच, मुळातच कमी घासणारा पदार्थ शोधायचा.

तीनशे पेशंट आणि एक मोठं अपयश

त्या काळी सर्वांत निसटता पदार्थ म्हणजे टेफ्लॉन. १९५८ च्या सुमाराला चार्नलींनी स्टीलचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी असा सांधा बसवायला सुरुवात केली. गोळा हाडात पक्का बसवण्यासाठी दातांचे डॉक्टर वापरतात त्या जातीचं ॲक्रिलिक सिमेंट घेतलं. विगनजवळच्या राइटिंग्टन इस्पितळात, जे आधी क्षयरोग्यांचं होतं, त्यांनी फक्त खुब्यासाठी वेगळं केंद्र उभारलं.

निकाल चमत्कारासारखे होते. वर्षानुवर्षं कुबड्यांवर असलेले लोक चालत घरी गेले. सुमारे तीनशे पेशंटना असे सांधे बसले.

आणि दोन-तीन वर्षांत सगळं कोसळलं. टेफ्लॉन भराभर झिजत होतं. त्याचा भुगा आजूबाजूच्या मांसात आणि हाडात शिरून गाठी होत होत्या, हाड पोखरलं जात होतं. एकामागून एक पेशंट दुखणं घेऊन परत येऊ लागले.

चार्नलींनी ही गोष्ट झाकली नाही. परत आलेल्यांची ऑपरेशनं त्यांनीच पुन्हा केली. भुग्यानं नेमकं काय होतं हे तपासायला टेफ्लॉनची पूड स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. काही महिन्यांनी तिथं गाठी हाताला लागल्या. तो निष्कर्ष त्यांनी १९६३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला, म्हणजे दुसऱ्या कुणी ती चूक करू नये.

साच्याच्या चाकातून आलेला सांधा

आता ते गिरणीचं वळण. मे १९६२ मध्ये प्लॅस्टिकचा एक विक्रेता इस्पितळात आला. त्याच्याकडं जर्मनीत तयार होणाऱ्या एका दणकट पॉलिथिनचा नमुना होता. लँकेशायरच्या गिरण्यांत यंत्रमागांची दातेरी चाकं या प्लॅस्टिकची बनत. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, ते मऊ वाटलं, आणि विषय तिथंच सोडला.

पण त्यांचा तरुण तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यानं तो तुकडा टाकून दिला नाही. चार्नली कोपनहेगनला गेले असताना त्यानं तो झीज मोजायच्या मशीनवर चढवला आणि मशीन चालू ठेवलं. साहेब परत आले तेव्हा तीन आठवड्यांत त्या तुकड्याची जितकी झीज झाली होती, तितकी टेफ्लॉनची एका दिवसात व्हायची. चार्नलींनी हे प्लॅस्टिकही स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं. गाठ आली नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये या पॉलिथिनची वाटी पहिल्यांदा माणसात बसली. तिची सुधारलेली रूपं आजही जगभर वापरली जातात.

गोळा त्यांनी मुद्दाम छोटा ठेवला, जेमतेम २२ मिलिमीटर व्यासाचा, कारण छोटा गोळा कमी घासतो. त्याची किंमत एवढीच की छोटा गोळा वाटीतून निसटायची भीती जास्त. म्हणून अशा पेशंटना उकिडवं बसायची मनाई असायची. इंग्लंडमध्ये खुर्चीवर बसणाऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. लावणीला वाकणाऱ्या, विळीवर बसणाऱ्या, मालवणच्या बाजारात पाटावर बसून मासे विकणाऱ्या बाईला मात्र ती मनाई म्हणजे रोजच्या कामावरच गदा. आजचे गोळे मोठे असतात, तरी डॉक्टर मांडी घालून आणि उकिडवं बसण्याबद्दल सावध करतात ते यासाठीच.

दुसरा शत्रू होता जंतुसंसर्ग. सुरुवातीला शंभरातल्या सात-आठ जणांचा सांधा पिकायचा. चार्नलींनी हवा गाळणाऱ्या यंत्रांची माहिती असलेल्या हॉवर्थ या स्थानिक कंपनीला हाताशी धरून ऑपरेशन थिएटरमध्ये काचघरासारखी वेगळी खोली उभारली, सर्जनसाठी उच्छ्वास बाहेर ओढून नेणारा पोशाख केला. हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं.

विकायची घाई न करणारा माणूस

सांधा चालतोय म्हटल्यावर जगभरातून मागणी आली. चार्नलींनी अट घातली, राइटिंग्टनला येऊन शिकल्याशिवाय कुणालाही सांधा विकायचा नाही. लीड्सची थॅकरे कंपनी हे सांधे बनवायची आणि तिनं ही अट कित्येक वर्षं पाळली. पेशंटकडून ते आणखी एक वचन घेत, मेल्यानंतर बसवलेला खुबा तपासायला परत द्यायचा. शेकडो लोकांनी आनंदानं सही केली. दहा-पंधरा वर्षं माणसाच्या अंगात राहून सांध्याचं काय होतं हे त्यातून कळत गेलं.

१९७४ मध्ये लास्कर पुरस्कार, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, १९७७ मध्ये सर ही पदवी. ५ ऑगस्ट १९८२ ला, सत्तरीत, मँचेस्टरला त्यांचं निधन झालं. मुंबईत तेव्हा गिरणी संप चालू होता आणि साचे बंद पडल्यानं कित्येक कोकणी कामगार गावाकडं परतत होते.

कुठल्या देशात किती?

कोरोनाआधीच्या आकड्यांनुसार जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये दर लाख लोकसंख्येमागं वर्षाला तीनशेच्या वर खुबे बदलले जात. ओईसीडी या प्रामुख्यानं श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी १८० च्या आसपास होती. त्याच गटातल्या मेक्सिकोत हा आकडा दहाच्या आसपास होता. एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला सुमारे एक लाख ऑपरेशनं होतात.

एवढा फरक का? म्हातारी माणसं कुठं जास्त, विमा कुणाचा, सर्जन किती, हे तर आहेच. शिवाय खुबा वयामुळं झिजण्याचं प्रमाण युरोपीय लोकांत जास्त दिसतं, आपल्याकडं कमी. भारतात गुडघे जास्त झिजतात, म्हणून गुडघ्यांची ऑपरेशनं खुब्यांच्या कितीतरी पट होतात. आपल्याकडं खुबा बदलणाऱ्यांत तरुणही बरेच असतात. गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरतं, आणि त्यामागं अनेकदा दारू किंवा स्टेरॉइडची औषधं असतात. संधिवात आणि अपघात ही आणखी कारणं.

मग भारताचा नेमका आकडा किती? इथंच खरी गोम आहे. स्वीडननं १९७९ मध्ये, ऑस्ट्रेलियानं १९९९ मध्ये आणि इंग्लंड-वेल्सनं २००३ मध्ये बसवलेल्या प्रत्येक खुब्याची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. भारतात सर्जनच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तिच्यात नोंद करणं सक्तीचं नाही.

याची किंमत किती मोठी असते ते २०१० मध्ये दिसलं. डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा, धातूवर धातू घासणारा खुबा लवकर निकामी होतोय हे ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या नोंदवह्यांत उघड झालं आणि ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत बोलावला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत बसवला गेला होता. त्यातल्या बऱ्याच पेशंटचा पुढं पत्ताच लागला नाही. चार्नलींचे सांधे बनवणारी थॅकरे कंपनी १९९० मध्ये विकली जाऊन याच डेप्यूत गेली होती. ज्या माणसानं मेलेल्या पेशंटचाही खुबा परत मागून तपासला, त्याच्याच कारखान्याच्या वारशात हे घडलं.

सिंधुदुर्गासाठी हा विषय दूरचा नाही. २००१ ते २०११ या काळात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आली. पोरं मुंबई-पुण्याला, घरात म्हातारा-म्हातारी. त्यामुळं पडणारे आणि खुबा मोडणारे इथं वाढणारच. अशा वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवा. म्हातारं माणूस पडलं आणि पाय टेकवत नसेल तर तेल लावत चार दिवस घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण ऑपरेशन जितकं लवकर तितका जीव वाचायची शक्यता जास्त.

आणि सांधा बसवला असेल तर त्याच्या खोक्यावरचं कंपनी, माप आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर मागून घ्या. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून रेशनकार्ड, सातबारा ठेवता त्याच पिशवीत जपून ठेवा. आपल्याकडं सक्तीची नोंदवही नाही, तोवर घरातली ही नोंदच उपयोगाला येईल.